अमेरिकेतली पाच मिनिटं

गारखेड्यात ज्यांना रामकिसनचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान माहीत आहे, त्यांना त्याची पाच मिनिटंही माहीत आहेत. जळालेली मोटार घेऊन जा, तो तांब्याची तार गुंडाळायला बसला की चहा येईपर्यंत विषय तिथंच येणार. सिनेमा आपल्याकडं दोन तासांचा आहे, अमेरिकेत दोन तास पाच मिनिटांचा आहे, आणि वरची पाच मिनिटं आपल्यातून कापलेली आहेत. गिऱ्हाईक नवं असलं तर विचारायचं, कोणता सिनेमा बुवा? जुनं असलं तर मोटार उद्या नेतो म्हणून सटकायचं. माणूस वाईट नव्हता हो. हाताला सफाई होती, बोलायला गोड होता, कुणाला फसवलं म्हणून कधी ऐकलं नाही. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की शिरली. तिला बाहेर काढायची कुणाची टाप नव्हती.

आणि ती पाच मिनिटं त्याला सिनेमासाठी नको होती. त्याला त्यातली एक ओवी हवी होती. त्या ओवीत त्याच्या बायकोनं, गीताबाईनं, जन्मात एकदाच त्याचं नाव घेतलं होतं आणि ते त्यानं ऐकलं नव्हतं.

आता नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आपल्या बायकांची रीत; पण उखाण्यात तरी घेतात. गीतानं तेही केलं नाही. लग्नात बायकांनी दार अडवलं, नाव घे म्हणाल्या, तर ही उंबऱ्यावर जी मुंडी खाली घालून उभी राहिली ती राहिलीच. शेवटी सासूचेच पाय दुखायला लागले आणि ती म्हणाली, जाऊ द्या गं पोरीला आत. दवाखान्यात डॉक्टरांनी नवऱ्याचं नाव विचारलं की ती संघपालला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका पोराला, पुढं ढकलायची, आणि ते पोरगं छाती काढून बापाचं नाव सांगायचं. रामकिसन चिडवायचा, माझं नाव काय ते तरी ठाऊक हाय का तुला? ती म्हणायची, रेशनकार्डावर लिहिलेलं हाय की, बघा जा.

संघपाल नुकताच शाळेत जायला लागला होता, तेव्हा मुंबईचे सिनेमावाले आले. गीताचं माहेर बिडकीनच्या अलीकडचं. सिनेमा काही मोठ्या नटनट्यांचा नव्हता. एका कष्टकरी बाईची कथा होती, आणि त्यांना खरंखुरं दळणाऱ्या, खऱ्या ओव्या म्हणणाऱ्या बाया हव्या होत्या. बौद्धवस्तीत विचारपूस झाली तर सगळ्यांनी गीताकडंच बोट दाखवलं. तिच्या आईकडून बाबासाहेबांच्या ओव्या तिच्याकडं आल्या होत्या, आणि आवाज असा भरीव की भरलेल्या घागरीवर टिचकी मारावी. नाजूक अजिबात नव्हता. सिनेमावाल्या साहेबाला तोच हवा होता. गीता माहेरी गेली, बरोबर जावईबापूही गेले.

अंगणात जातं मांडलं. एका बाजूला गीता, समोर तिची लहानपणची मैत्रीण भागूबाई. कॅमेरा, दिवे, आवाज धरणारा एक माणूस कानाला टोप्या लावून बसलेला, आणि कुंपणावर अख्खं गाव. दोन ओव्या झाल्या असतील नसतील, तेवढ्यात पलीकडच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली. आवाज धरणारा वैतागला. ती मोटार बंद करा कुणीतरी, असं झालं. आता मोटार म्हटल्यावर कोण उठणार? रामकिसन मोठ्या तोऱ्यात निघाला. विहीर बरीच लांब. तिथं पेटीला कुलूप. मग मालकाला शोधा, त्याची मिनतवारी करा. मोटार बंद करून घाम पुसत परत आला, तर अंगणात बायका हसून हसून लोळत होत्या आणि गीतानं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

भागूबाईनं डोळे पुसत सांगितलं, "दाजी, नाव घेतलं हिनं तुमचं. ओवी रचून घेतलं."

रामकिसनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढं शेवटची ओवी झाली, दळण सरलं, साहेब खूश झाला, सगळ्यांना जेवण मिळालं. परतीच्या बसमध्ये त्यानं हळूच विचारलं, काय नाव घेतलंस?

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सिनेमात ऐका."

"बरं," तो म्हणाला. "सिनेमातच ऐकतो."

आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं. थेटरात, पडद्यावर, चारशे माणसांच्या समोर आपलं नाव घुमणार. घरात ऐकण्यात काय मजा? पुढचे कित्येक महिने तो ही चैन मनातल्या मनात करत राहिला. गीता मधूनच चहाचा कप ठेवता ठेवता विचारायची, काही विचारायचंय का? हा म्हणायचा, काय विचारायचं, मीठ संपलं का? ती हसून आत जायची. एवढंच.

सिनेमा येण्याआधीच ती गेली. कावीळ झाली, डोळे पिवळे पडले, घाटी दवाखान्यात नेली, आणि आखाड सरायच्या आत सगळं संपलं. संघपालला शाळेतून आणायला गेलेला माणूस वाटेत त्याला काय सांगावं म्हणून रडत होता. रामकिसन रडला नाही. माणसं म्हणाली, धीराचा आहे. धीर कसला! त्याच्याकडं अजून सिनेमा शिल्लक होता.

शहरात तो सिनेमा आला आणि आठवड्याभरात गेला. रामकिसन पोराला मांडीवर घेऊन पहिल्याच खेळाला बसला. जातं आलं. गीता आली, घामानं चमकणारं कपाळ, तोच भरीव आवाज. पहिल्या ओवीला संघपाल "आई" म्हणून ओरडला आणि मागून कुणीतरी शूः केलं. मग शेवटची ओवी,

*दळण सरलं सरलं, सुपामंदी मूठभर,*
*लेक माझा शाळंला गं, पाटी त्याच्या डोईवर,*

आणि त्यानंतर एकदम बैलबाजार लागला. बैल, दलाल, धुरळा. रामकिसन वाट बघत राहिला. सिनेमा संपला तरी वाट बघत राहिला. त्याचं नाव कुठंच नव्हतं. पुढच्या खेळाचं तिकीट काढून तो पुन्हा बसला, जणू दुपारी गेलेलं नाव संध्याकाळी यायचं होतं.

मग कॅसेट निघाली. मोतीरामची व्हिडिओ लायब्ररी दुकानाच्या शेजारीच होती. कॅसेट लावली तर नवीनच दुखणं. आवाज गीताचा, पण पातळ. कुणीतरी तिला घाई करतंय, लवकर उरक म्हणतंय, असं वाटावं. रामकिसन म्हणाला, ही माझी बायको नाय. मोतीराम बिचारा स्पिरिटनं मशीन पुसून थकला, दुसऱ्या मशीनवर लावली, तिसऱ्यावर लावली. सगळीकडं तीच पातळ गीता. शेवटी मोतीराम म्हणाला, भाऊ, तुमचेच कान बघून घ्या.

पण हाच मोतीराम वर्षा-दोन वर्षांनी एक बातमी घेऊन आला. कुठल्याशा माणसाकडं त्यानं याच सिनेमाची अमेरिकेत निघालेली कॅसेट पाहिली होती, आणि तिच्या खोक्यावर वेळ लिहिली होती दोन तास पाच मिनिटं. आपल्या खोक्यावर दोन तास. मोतीरामनं त्याचा अर्थही लगेच लावून दिला. आपल्याकडं सेन्सॉरची कात्री, तिकडं पूर्ण माल. आपल्या देशात एवढं ऐकल्यावर पुढं विचारायला कोण जातंय? रामकिसनलाही पटलं. बौद्ध बाईनं ओवीत बाबासाहेबांचं आणि नवऱ्याचं नाव एकत्र गुंफलं असणार, ते कुणाच्या तरी डोळ्यात खुपलं असणार, कापलं असणार. त्याला राग आला आणि त्या रागानं त्याला बरंही वाटलं. कापलं म्हणजे कुठंतरी आहे.

तेव्हापासून तो त्या पाच मिनिटांवर जगला. दुसरं लग्न कर म्हणणाऱ्यांना हाकललं. पोराला वाढवलं, शिकवलं, कंपनीत चिकटवलं. मुंबईला दोनदा जाऊन आला. सिनेमा काढणारा साहेब वारला होता आणि त्याच्या कचेरीच्या जागी उंच इमारत होती. मधे एका लग्नात भागूबाई भेटली. जेवणं झाल्यावर पान लावता लावता म्हणाली, दाजी, सांगू का त्या दिवशी काय झालं व्हतं ते? रामकिसननं हात आडवा केला. बायकोनं घेतलेलं आपलं नाव दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकायचं म्हणजे उष्टं खाणं. "नगं," तो म्हणाला, "तिच्याच तोंडून ऐकीन." भागूबाईनं मान हलवली आणि पानाला चुना लावला.

अशी वर्षं गेली. मोतीरामची लायब्ररी जाऊन तिथं मोबाइलचं दुकान आलं. कॅसेट झिजली, मग तिची डिस्क आली, तीही ओरखडली. आणि हळूहळू एक वंगाळ गोष्ट झाली, जी रामकिसननं कुणाला सांगितली नाही. गीताचा खरा आवाज कसा होता ते त्याला आठवेना. डोळे मिटले की कॅसेटमधली पातळ, घाईतली बाई बोलायची. तिला तो नाय म्हणायचा, पण दुसरी येतच नव्हती.

यंदा संघपालच्या कंपनीतली एक बाई ट्रेनिंगसाठी अमेरिकेला गेली. संघपालनं भीत भीत सिनेमाचं नाव सांगितलं. तिनं तिकडं जुन्या मालाच्या दुकानात शोधून शोधून डिस्क आणली. खोक्यावर वेळ होती दोन तास पाच मिनिटं. रामकिसननं त्या आकड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, लाव.

घरातल्या मशीननं डिस्क घ्यायला साफ नकार दिला. दुसऱ्या मुलखाची डिस्क इथं चालणार नाही, असं पडद्यावर आलं. तेवढा एक दिवसही रामकिसनला जड गेला. दुसऱ्या दिवशी संघपालनं कंपनीतून लॅपटॉप आणून टीव्हीला जोडला. रामकिसन आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून समोर बसला. संघपाल म्हणाला, बाबा, सरळ ओवीवरच जाऊ. तो म्हणाला, नाय, पहिल्यापासून. त्याला सगळी पाच मिनिटं हवी होती.

जातं आलं. गीतानं तोंड उघडलं, आणि रामकिसन खुर्चीतून उठलाच. तोच आवाज होता. घागरीचा. भरीव, निवांत, कसलीच घाई नसलेला. इतक्या वर्षांत विसरलेला आवाज समोर आला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण किती विसरलो होतो. संघपालनं आईचा हा आवाज शेवटचा थेटरात बापाच्या मांडीवर बसून ऐकला होता. त्याचेही डोळे भरले. रामकिसन पुटपुटत होता, बघ, म्हणलं व्हतं का नाय, ही हाय, ही हाय तुझी आई. आता शंकाच नव्हती. आवाज खरा आहे म्हणजे माल पूर्ण आहे. आता शेवटच्या ओवीच्या आधी ते येणार.

दळण सरलं. पाटी डोईवर गेली. बैलबाजार लागला.

"मागं घे," रामकिसन म्हणाला.

संघपालनं मागं घेतलं. पुन्हा बैलबाजार. सात-आठ वेळा मागं घेतलं. मग अख्खा सिनेमा पाहिला, न जाणो ओवी दुसरीकडं टाकली असेल. नव्हती. संघपालनं इथली डिस्क आणि तिथली डिस्क शेजारी शेजारी लावून एकेक प्रसंग ताडून पाहिला. एकही जास्तीचा नव्हता, एकही कमी नव्हता. तरीही तिथला सिनेमा पाच मिनिटं उशिरा संपत होता.

मग तो मोबाइलवर वाचत बसला. शेवटी सांगितलं. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतो. आपल्याकडच्या टीव्हीला सेकंदाला पंचवीस लागतात. म्हणून कॅसेट करताना इथं सिनेमा थोडा जोरात पळवतात. सगळंच लवकर आटपतं आणि आवाज पातळ होतो. अमेरिकेच्या टीव्हीला तीस लागतात. तेवढा पळवला तर हसूच होईल, म्हणून तिकडं मधली मधली चित्रं थोडी जास्त वेळ धरून भरती करतात आणि सिनेमा आपल्या मूळ चालीनं चालतो.

"इथं पंचवीस अन् तिथं तीस, असं का?" रामकिसननं विचारलं.

"विजेमुळं, बाबा. आपली लाईन—"

"पन्नास सायकलची," रामकिसन म्हणाला. "त्यांची साठची."

त्याला समजलं. समजलं नसतं तर फार बरं झालं असतं. हुज्जत घातली असती, अजून दहा वर्षं काढली असती. पण जन्म मोटारींत गेलेला. वेरूळच्या एका हॉटेलवाल्यानं एकदा बाहेरून आणलेलं यंत्र त्याच्याकडं टाकलं होतं, सुस्त चालतंय म्हणून. पाटीवर साठ लिहिलेलं, आणि इथं पन्नासवर जोडलेलं. यंत्रात काही बिघाड नव्हता. रामकिसननंच त्याला समजावलं होतं, मुलूख बदलला की चाल बदलते. आता तेच त्याच्यापुढं आलं होतं. काही कापलेलं नव्हतं. पाच मिनिटं कुठं एका जागी नव्हतीच. अख्ख्या सिनेमावर पातळ पसरलेली होती, बैलांवर, धुरळ्यावर, प्रत्येक माणसाच्या बोलण्यावर.

त्यानं एवढंच विचारलं, "हिच्या वाट्याला किती आली?"

संघपालनं ओव्या मोजून पाहिल्या. "दोन सेकंद," तो म्हणाला.

त्या दिवशी रामकिसन जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पोराला म्हणाला, मला भागूबाईकडं ने. उष्टं तर उष्टं. गीताची ओवी ज्यांनी जात्याजवळ बसून ऐकली त्यांच्यापैकी तीच एक उरली होती.

भागूबाई बिडकीनला लेकाकडं राहत होती. दात गेले होते, पाठ वाकली होती, पण जीभ शाबूत. रामकिसनला बघून हरखली, चहा टाकायला लावला, संघपालच्या तोंडावरून हात फिरवून गीतावानी हाय गं पोरगं म्हणून रडून घेतलं. रामकिसननं सगळं सांगितलं. अमेरिकेतून डिस्क आणली, त्यातही ती ओवी नाय, तवा आता तूच सांग बाई, काय म्हणली व्हती ती.

भागूबाईनं त्याच्याकडं चमत्कारिक बघितलं.

"दाजी, सिनेमात कशी असंल ती? मशीन बंद व्हतं तवा. मोटारीचा आवाज येतोय म्हणून बंद केलं नव्हतं का? तुम्ही मोटारीकडं गेलात, आम्ही बसलो गप्पा हाणत. म्हणलं आता नवरा बी नाय अन् मशीन बी नाय, घे की नाव. म्हणून तर घेतलं तिनं."

विहिरीवरची मोटार चालू होती तोवर त्या माणसानं आवाज धरला नव्हता, आणि मोटार बंद झाल्यावर तर रामकिसन स्वतः परत आला होता. ओवी त्याच्या जाण्यायेण्यातच झाली होती. मोटारवाल्याला एवढं कळू नये? पण त्यानं एकदाही तो हिशेब मांडला नव्हता.

"शब्द?" तो म्हणाला. "शब्द तरी सांग."

भागूबाईनं डोळे मिटून आठवून पाहिलं. ओठ हलवले. जात्याचा खुंटा धरल्यागत हातही फिरवून पाहिला. मग मान हलवली. लग्नात भेटलात तवा आठवत व्हतं, ती म्हणाली, तवा सांगत व्हते तर तुम्ही ऐकलं नाय. आता नाय येत. तुमचं नाव शेवटाला व्हतं, अन् आम्ही लई हसलो, एवढंच ध्यानात हाय.

आणि चहाची बशी त्याच्यापुढं सरकवत ती अगदी सहज म्हणाली, "पण तुम्हाला सांगितलंच असंल की तिनं. आम्हाला म्हणली व्हती, एकदा विचारलं तर नाय सांगायची, दुसऱ्यांदा विचारलं की सांगीन. तुम्ही विचारलं नाय का दुसऱ्यांदा?"

रामकिसननं बशी उचलली, चहा प्याला, चांगला झालाय म्हणाला. पैठण रोडनं परत येताना गाडीवर संघपाल काहीबाही बोलत होता, वाऱ्यात ते ऐकू येत नव्हतं. ज्या विहिरीकडं तो तोऱ्यात चालत गेला होता, ती आता कंपनीच्या भिंतीआड गेली आहे. तिच्या समोरून गाडी कधी पुढं गेली तेही त्याला कळलं नाही. त्याला चहाचे कप दिसत होते. काही विचारायचंय का? काय विचारायचं, मीठ संपलं का?

घरी आल्यावर त्यानं पोराला अमेरिकेची डिस्क लावायला सांगितली. संघपाल म्हणाला, बाबा, कशाला आता? पण लावली. जातं आलं, गीता आली, आणि आपल्या खऱ्या आवाजात, सावकाश, दोन सेकंद जास्त घेऊन तिनं दळण सारलं. पाटी डोईवर गेली. रामकिसन पुढं वाकला.

"गीता," तो म्हणाला, "काय नाव घेतलंस?"

पडद्यावर बैलबाजार लागला होता. दलाल एका बैलाचे दात बघत होता. संघपालनं आवाज बंद केला.